मांजर पुन्हा पुन्हा लावरी धरून आणतंय? आधी आपली पायवाट तपासा

घुंगरू बांधून झालं, पोटभर खाऊ घालून झालं, रागावून झालं, तरी पावसाळा लागला की मांजर तोंडात लावरी घेऊन मागच्या दारात उभं. ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्याकडे हे तीन पावसाळे चाललं, आता थांबलंय. मधल्या काळात मी जे चुकीचं केलं तेही सांगते, कारण बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात.

आमचं घर आरे कॉलनीत, एका पाड्याच्या टोकाला. ही वसाहत १९४९ मध्ये मुंबईच्या दुधासाठी उभी राहिली. तबेल्यातल्या म्हशींसाठी लावलेलं पॅरा गवत अजूनही आमच्या मागच्या दारापासून पंधरा-वीस पावलांवर सुरू होतं. कडेला घाणेरी, मधे बोरीची दोन झाडं, पलीकडे पावसाळ्यापुरता वाहणारा ओहोळ. संध्याकाळी तिथून टॉवरांचे दिवे दिसतात आणि खाली गवतात लावऱ्या चरत असतात. मी त्या आठ-नऊ वर्षं बघतेय. चिंगी, म्हणजे आमची मांजर, चार वर्षांपूर्वी आली.

लावरी म्हणताना आपण दोन-तीन वेगळे पक्षी एकाच नावाखाली घालतो. दहा-पंधराच्या घोळक्याने फिरते आणि पायाखालून एकदम फर्रकन उडून सगळ्यांना दचकवते ती रानलावरी. पावसाच्या तोंडावर गवतातून ‘व्हिट्-व्हिट्’ अशी टोचून टोचून हाक येते ती पावसाळी लावरीची. तिच्या नराच्या छातीवर काळा डाग असतो. आमच्या मागच्या गवतात बहुतेक वेळा दिसतो तो तिसरा, दुर्लाव. दिसायला लावरीच, पण कूळ वेगळं. त्याच्या पायाला मागचं बोट नसतं. नळाजवळच्या ओल्या मातीत तीनच बोटांचे इवलेसे ठसे उमटलेले दिसले की समजावं, पहाटे दुर्लाव येऊन गेला.

हे वेगळेपण इथे सांगायचं कारण आहे. दुर्लावांमध्ये मादी मोठी आणि जास्त रंगीत, तिचा गळा काळा. लांबून मोटारसायकल चालू ठेवल्यासारखा ‘डुर्र्र्र’ आवाज ती काढते आणि नराला बोलावते. अंडी घालते आणि दुसऱ्या नराच्या शोधात निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं फिरवणं, त्यांना किडे टिपून देणं हे सगळं बाप एकटा करतो. म्हणजे मांजराने एक नर मारला की मागे सांभाळणारं कुणीच उरत नाही.

मला हे पुस्तकातून माहीत होतं. खरं कळलं ते दुसऱ्या पावसाळ्यात. श्रावणातली सकाळ होती. चिंगी पायरीवर येऊन बसली आणि तोंडातला पक्षी तिने माझ्या पायाशी ठेवला. नर होता. मुठीत मावेल एवढा, पाठीवर वाळक्या पाचोळ्याची नक्षी, छातीवर बारीक काळे आडवे पट्टे, पाय निळसर राखाडी. डोळा पांढुरका, आणि तो उघडा होता, माझ्याकडे बघत होता. कुठे रक्त नाही, एक पीसही वाकडं नाही. मी त्याला बुटाच्या खोक्यात ठेवलं. तासाभराने तो आतून टकटक करायला लागला तेव्हा आनंदाने गवतात सोडून आले. दुसऱ्या दिवशी तो कर्दळीच्या बुंध्याशी मेलेला सापडला. तिसऱ्या दिवशी तबेल्यासाठी गवत कापायला येणाऱ्या काकांनी मला हाक मारून एका झुडपाखाली नेलं. गवताच्या पात्या वरून ओढून केलेला खळगा, त्यात राखट, तपकिरी ठिपक्यांची चार अंडी. गार होती. एकावर मुंग्या चढल्या होत्या. ती त्याचीच, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण त्या पट्ट्यात तेव्हा दुसरा नर मला दिसला नव्हता.

त्यानंतर मी उपायांच्या मागे लागले.

पहिला उपाय घुंगराचा. सगळे हाच सांगतात. चिमणी, साळुंकी, बुलबुल यांच्या बाबतीत त्याचा थोडाफार उपयोग होत असेलही, ते आवाज झाला की उडतात. लावरी उडत नाही. धोका वाटला की ती जमिनीला चिकटते, मान आत घेते आणि दगड होते. आपण अगदी दोन पावलांवर येईपर्यंत हलत नाही. घार-शिकऱ्यांपासून वाचायला ही युक्ती उत्तम, कारण वरून ती दिसतच नाही. पण मांजर जमिनीवरून, नाकाने आणि कानाने शोधत येतं. घुंगरू वाजलं की लावरी जागच्या जागी थिजते, आणि मांजराला नेमकं तेच हवं असतं. मी खिडकीतून हे डोळ्यांनी पाहिलंय: चिंगी दोन झुडपं दूर होती, घुंगरू वाजलं, टिपत फिरणारी लावरी बसली, आणि चिंगी सरळ तिच्याकडे चालत गेली. मी काच वाजवली म्हणून त्या दिवशी ती वाचली.

दुसरा उपाय पोटभर खाऊ घालण्याचा. मांजराची शिकार भुकेवर चालत नाही. हालचाल दिसली की झडप, हे त्याच्या अंगातच आहे. पोट भरलेलं असेल तर मारून खात नाही, एवढाच फरक. तरी काय खाऊ घालतो याला महत्त्व आहेच. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी ३५५ मांजरांवर काम करून २०२१ मध्ये जे छापलं ते मला फार उपयोगी पडलं. धान्याचा भरणा नसलेलं, मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाणं दिल्यावर मांजरं घरी आणत असलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी दोरी-पिसाचा खेळ खेळल्यावर २५ टक्क्यांनी. घुंगराने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि खाणं आत दडवून मांजराला खटपट करून काढायला लावणारी खेळणी मिळतात, त्यांनी शिकार उलट वाढली. आमच्याकडे दूध-पोळी आणि वर चार दाणे कोरडं खाणं असं चालायचं. दूध-पोळीने मांजराचं पोट भरतं, पण त्याची मांसाची ओढ भागत नाही. आता चिंगीला उकडलेलं चिकन आणि बोंबील-मांदेली मिळते, तीही मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता. कांदा-लसूण मांजराला विषासारखे आहेत, त्यामुळे आपल्या कालवणातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका.

तिसरा उपाय रागावण्याचा, आणि हा सगळ्यात फसवा. मी दोनदा ओरडले, एकदा पाण्याचा फवारा मारला. त्यानंतर चिंगीने दारात पक्षी आणणं बंद केलं. मला वाटलं, जमलं. महिन्याभराने पाण्याच्या टाकीखाली झाडायला गेले तर कोपऱ्यात तपकिरी पिसांचा ढीग. तिने मारणं थांबवलंच नव्हतं, मला दाखवणं थांबवलं होतं. म्हणून ‘आमच्या मांजराने आता सोडलं’ असं वाटत असेल तर आधी टाकीखाली, जिन्याखाली, लाकडांच्या मागे बघून या.

खरी चूक गवत कापणाऱ्या काकांनी दाखवली. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि माझ्या दारापासून बोरीपर्यंत गेलेली रेघ दाखवली. म्हणाले, ‘‘पोरी, ही वाट कुणी पाडली? तूच ना? तुझं मांजर याच वाटेनं जातं बघ. गवतातून ते कशाला अंग ओलं करतंय?’’

मी रोज सकाळी त्याच वाटेने लावऱ्या बघायला जात होते. माझ्या पायांनी गवत दबून हातभर रुंद, कोरडी, बिनआवाजाची वाट तयार झाली होती आणि ती थेट त्यांच्या चरण्याच्या जागेत उघडत होती. चिंगी माझ्या मागून यायची, मी थांबले की थांबायची, मी जिकडे टक लावून बघते तिकडे बघायची. त्यात भर म्हणजे लावऱ्या जवळून दिसाव्यात म्हणून मी वाटेच्या तोंडाशी बाजरी आणि नाचणी टाकत होते. लावऱ्यांनी रोज एकाच जागी, एकाच वेळी, उघड्यावर यावं अशी व्यवस्था मी स्वतः केली होती. मांजर मुळात चोख शिकारी. त्याला जागा, वेळ आणि वाट या तिन्ही गोष्टी माझ्याकडून मिळत होत्या.

तुमच्याकडेही हेच घडत असेल असं मी ठामपणे म्हणेन, कारण ज्याला लावरी बघायची हौस असते तोच दाणे टाकतो आणि तोच वाट पाडतो. दुरुस्ती इथून सुरू करा. दाणे आजपासून बंद. गवतात बिया आणि किडे मुबलक असतात, लावरीला आपल्या बाजरीची गरज नाही. वाट मोडायची: बोरीच्या काटेरी फांद्या तोडून वाटेवर आडव्या टाकल्या आणि पावसाळ्यात गवत वर आलं की पंधरा दिवसांत ती बुजते. घराला लागून चार-पाच पावलांचा पट्टा मात्र उलट अगदी बारीक कापून ठेवा. तिथे मांजराला दबा धरायला आडोसा मिळत नाही आणि लावऱ्याही एवढ्या उघड्यावर फिरकत नाहीत. दोघांच्या मधे मोकळी जमीन राहते. (पावसाळ्यात सापाच्या दृष्टीनेही ती बरी.)

आणि बघणं? ते आता खिडकीतून. पडदा अर्धा ओढायचा, दिवा मालवायचा, खुर्ची काचेपासून हातभर मागे. पहिले आठ दिवस काही दिसलं नाही. मग एका सकाळी नर गवताच्या कडेला आला, पुढे पाऊल टाकताना अंग मागेपुढे झुलवत, जणू जमीन हलतेय. मधेच धुळीत बसून त्याने पंख पसरले आणि माती अंगावर उडवून घेतली. मी गवतात उभी असताना हे एवढा वेळ कधीच बघायला मिळालं नव्हतं.

दुसरी दुरुस्ती वेळेची, आणि समस्या पुन्हा पुन्हा का उगवते ते इथे कळतं. लावऱ्या उजाडताना आणि दिवस मावळताना चरतात. मांजराची शिकारीची वेळही तीच. हे दोन काळ मांजर घरात राहिलं पाहिजे. मी नियम केला: सकाळी सातनंतर बाहेर, संध्याकाळी सहाला आत. जून ते ऑक्टोबर सगळं छान चाललं, आणि डिसेंबरात दोन लावऱ्या गेल्या. मला कारणच कळेना. नंतर पंचांगातली सूर्योदयाची वेळ बघितली. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. जूनमध्ये तो सव्वासातनंतर मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहालाच. म्हणजे थंडीत मी चिंगीला बरोबर लावऱ्यांच्या वेळी बाहेर सोडत होते आणि मावळून गेल्यावर आत घेत होते. घड्याळावर विसंबू नका. सूर्य उगवून दीड तास झाला की बाहेर, मावळायच्या तासभर आधी आत. कॅलेंडरवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नवी वेळ लिहून ठेवा.

आत घेतल्यावर मांजर रडतं. रडणारच. चिंगीने पहिले पाच दिवस पहाटे साडेचारपासून दार खरवडलं. इथे बहुतेक घरं हरतात, कुणीतरी उठून दार उघडतं. आमच्याकडे आईने उघडलं. तिच्या जिवाला लागलं, मला तिचा राग आला नाही, पण दुसऱ्या दिवशी चिंगी दुप्पट ओरडली, कारण ओरडून दार उघडतं हे तिला समजलं. एकदा ठरवलं की घरातल्या सगळ्यांनी ठरवलं पाहिजे. आई मग म्हणाली, ‘‘मला आधी सांगायचं ना गं, मी तिच्याजवळ बसले असते.’’ आणि तेच लागू पडलं. आई तशीही पाचला उठते. ती ओसरीत बसून जुन्या नाडीला कोंबडीचं पीस बांधून चिंगीला दहा मिनिटं खेळवते, खेळाच्या शेवटी नाडी तिच्या पंजात पडू देते आणि लगेच खाणं वाढते. धावणं, धरणं, खाणं, अंग चाटणं, झोपणं हा मांजराचा क्रम पूर्ण झाला की ते खरंच झोपतं. आठव्या दिवसापासून दार खरवडणं थांबलं.

आरेत राहणाऱ्यांना मांजर रात्री आत ठेवण्याचं आणखी एक कारण सांगायला नको. इथे बिबट्या आहे आणि कुत्री-मांजरं तो उचलतो.

ओसरी बंद करून घेणं हा खर्चाचा भाग, पण एकदाच करायचा. मुंबईत गॅलऱ्यांना कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावतात, तीच मी आधी लावली. चिंगीने आठवड्याभरात खालचा कोपरा कुरतडला. मांजरासाठी लोखंडी वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना जोडून केलेली कडक जाळी, घ्या आणि खालची कड विटांच्या ओळीत दाबा. आता ती दिवसभर तिथे ऊन खात बसते, लावऱ्या बघते, शेपूट हलवते, आणि कुणाचंच काही बिघडत नाही. नसबंदी केली नसेल तर तीही करून घ्या, भटकणं कमी होतं.

आपलं मांजर आवरलं तरी वस्तीतली मांजरं उरतात. त्यांना हाकलून काही होत नाही, एक गेलं की दुसरं येतं. आमच्या शेजारच्या मावशी पहाटे अंधारात मासळीचं पाणी आणि डोकी मागच्या बाजूला टाकायच्या. मी त्यांना कारण समजावून विनंती केली. आता त्या नऊ वाजता, पुढच्या बाजूला, रस्त्याकडे टाकतात. मांजरांचा राबता आपोआप गवताकडून रस्त्याकडे वळला. एवढ्याने झालेला फरक मला जाळीइतकाच मोठा वाटतो.

इतकं करूनही कधीतरी पक्षी सापडेल, तेव्हा माझी चूक करू नका. जखम दिसत नाही म्हणून सोडू नका. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. दाताचं टोक सुईएवढं, जखम पिसांखाली दिसतही नाही, पण आत संसर्ग होऊन पक्षी एक-दोन दिवसांत मरतो. त्याला प्रतिजैविक लागतं, तेही लवकर आणि पक्ष्यांचं कळणाऱ्या डॉक्टरकडून. तोवर टॉवेलमध्ये अलगद धरा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, झाकण लावून अंधार करा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. मुलांना बघायला देऊ नका, त्या भीतीनेही पक्षी दगावतो. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. घरी ठेवून वाढवावं असं वाटेल, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातला पक्षी पाळता येत नाही.

पिल्लू दिसलं तर वेगळं. दुर्लावाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात पळायला लागतं, आकाराने मोठ्या भुंग्याएवढं. एकटं दिसतं म्हणून उचलू नका. मांजर आत घ्या, दार लावा, खिडकीत थांबा. गेल्या भाद्रपदात मी अशीच थांबले. पिल्लू कापलेल्या पट्ट्यावर चिंचेच्या पानाखाली दबून बसलं होतं. वीसेक मिनिटांनी गवतातून अगदी हलका आवाज आला, पान हललं, आणि पिल्लू आवाजाच्या दिशेने सरळ रेषेत पळालं. गवताच्या तोंडाशी बाप उभा होता, त्याच्यामागे आणखी दोन. चिंगी जाळीला नाक लावून बघत होती.

यंदा पावसाआधी जाळीची खालची कड तपासायला घेतली तर विटांजवळ दोन ठिकाणी गंज चढून तारा सुटल्या होत्या. घासून, गंजरोधक रंग लावून, नवी तार गुंफली. हे मे महिन्यातच करून टाका.